छाप, पाकीट आणि पन्नी

संग्रामपूर तालुक्यातल्या एखाद्या पानठेल्यावर अर्धा तास उभे राहून गिऱ्हाईक तंबाखू कशी घेते एवढे जरी पाहिले, तरी या पुस्तकाच्या विषयातली खरी गोम लक्षात येते. एकजण चार बिड्या मागतो. दुसरा एक सिगारेट घेतो, ठेल्याच्या खांबाला बांधलेल्या लायटरवर पेटवतो आणि बोलत बोलत निघून जातो. तिसरा खर्रा सांगतो. ठेलेवाला कातरलेली सुपारी, तंबाखू आणि बोटभर चुना प्लॅस्टिकच्या पन्नीवर घेतो, पाण्याचे दोन थेंब टाकतो, पन्नी दुमडून फळीवर दाबून घोटतो. माल ओलसर, तपकिरी झाला की पन्नीचे तोंड रबराने आवळून गिऱ्हाइकाला देतो. अख्खे पाकीट मागणारा विरळा. ज्या वेष्टनावरची ८५ टक्के जागा सरकारने इशाऱ्यासाठी राखून ठेवली, ते वेष्टन ठेलेवाल्याच्या फळीवरच राहते. गिऱ्हाइकाबरोबर जाते ती नुसती तंबाखू.

पुढची प्रकरणे तंबाखूच्या वेष्टनाविषयी आहेत. त्यावर काय छापले गेले, काय लपवले गेले, सरकारने त्यावर काय छापायला लावले आणि ते टाळण्यासाठी धंद्याने कोणकोणत्या वाटा शोधल्या, असा हा सगळा हिशोब. तो वाचण्यापूर्वी माझे एक म्हणणे सांगून ठेवतो. वेष्टनावरचा खोटेपणा पकडायला कायदा शिकला, पण त्यात त्याची तीस-चाळीस वर्षे गेली. तेवढ्या अवधीत धंद्याला कळून चुकले होते की वेष्टनाशिवायही माल खपतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या, वर अंबाबरवा अभयारण्य आणि पलीकडे मध्य प्रदेश असलेल्या या तालुक्यात ते जितके उघड दिसते तितके मुंबई-पुण्यात दिसत नाही.

आकडे आधी पाहू, म्हणजे सिगारेटच्या पाकिटाला आपण किती महत्त्व द्यायचे ते ठरेल. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीचे भारतातले काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. तिच्यानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. त्यापूर्वीच्या, २००९-१० च्या पाहणीत हे प्रमाण ३१.४ टक्के होते, म्हणजे घट झाली हे खरे. पण २०१६-१७ च्या आकड्यांची फोड बघा: धूर ओढणारे ३.८ टक्के, आणि चघळणारे, मळणारे, दातांना लावणारे २४.४ टक्के. जगात तंबाखूच्या फसव्या लेबलांवर जे लिहिले गेले ते बहुतांश सिगारेटवर आहे. आपल्याकडे सिगारेट हा या गोष्टीचा लहानसा, शहरी तुकडा. तरी फसवणुकीचे तंत्र तिथेच घडले, त्यामुळे सुरुवात तिथून करावी लागते.

त्याच्याही आधी छाप होती. वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकाला माल ओळखता यावा म्हणून तंबाखूवाल्यांनी चित्रे वापरली. संगमनेरची गाय छाप तंबाखू आजही नावापेक्षा गायीवरून ओळखली जाते. बिडीच्या कट्ट्यांवर वाघ-सिंह आले, देव आले, राजे आले. पुण्याच्या साबळे-वाघिरे कंपनीची संभाजी बिडी महाराष्ट्रभर खपली. छत्रपतींचे नाव बिडीला नको म्हणून बरीच वर्षे मागणी होत राहिली, २०२० मध्ये आंदोलनाने जोर धरला आणि पुढच्या वर्षी ती ‘साबळे बिडी’ झाली. मला या प्रकरणाचे नवल वाटते ते वेगळ्याच कारणाने. महाराष्ट्रात तंबाखूच्या लेबलावरून लोक रस्त्यावर आले, पण ते कट्ट्यावरच्या नावासाठी. आत काय आहे यासाठी कोणी आले नाही. बिडी तीच राहिली, कागद बदलला.

चित्राची ताकद अशी धंद्याला सरकारच्या कितीतरी आधी कळली होती. शहरी गिऱ्हाइकासाठी मग चित्राच्या जोडीला कल्पना आली. विल्स फिल्टरने ‘मेड फॉर इच अदर’ म्हणत फिल्टर आणि तंबाखू यांचा संसार मांडला, त्याच नावाने जोडप्यांच्या स्पर्धा घेतल्या, आणि ते शब्द लग्नाच्या शुभेच्छांत जाऊन बसले. शुभेच्छा देणाऱ्या कित्येकांना ते कुठून आले हे ठाऊकही नसेल. १९९६ चा क्रिकेट विश्वचषक ‘विल्स वर्ल्ड कप’ होता. ‘रेड अँड व्हाइट’ने शौर्याचे पुरस्कार दिले. फिल्मफेअरच्या नावाआधी काही वर्षे माणिकचंदचे नाव लागत होते. यांत कुठेही तंबाखू चांगली असते असे कोणी म्हटले नव्हते. तसे म्हणायची गरजच नव्हती.

फिल्टरची गोष्ट मात्र निव्वळ जाहिरातीची नाही, ती यंत्राची आहे आणि सावकाश समजून घेण्यासारखी आहे. १९५० च्या दशकात सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध पुढे येऊ लागला, तसे अमेरिकी कंपन्यांनी फिल्टर पुढे केला. ‘केंट’ने १९५२ मध्ये ज्या फिल्टरचा गाजावाजा केला त्यात चार वर्षे ॲस्बेस्टॉस होते, म्हणजे औषध म्हणून विष. पुढे ‘लाइट’ आणि ‘माइल्ड’ आल्या. त्यांच्या फिल्टरभोवतीच्या कागदाला डोळ्यांना जेमतेम दिसतील अशी बारीक छिद्रे असतात. डांबर आणि निकोटिन मोजायचे ते यंत्राने. ते यंत्र मिनिटाला एक झुरका घेते, ३५ मिलिलिटरचा, दोन सेकंदांचा. झुरक्याबरोबर छिद्रांतून बाहेरची हवा आत येते, धूर पातळ होतो आणि आकडा खाली येतो. माणूस यंत्रासारखा ओढत नाही. त्याची बोटे आणि ओठ नेमके त्या छिद्रांवर येतात. शिवाय अंगाला ठरावीक निकोटिन हवे असते, ते मिळाले नाही की तो झुरका लांबवतो, खोल घेतो, दिवसाला दोन जास्त ओढतो. पाकिटावरचा आकडा खरा आणि छातीत जाणारा धूर मात्र पूर्वीइतकाच. खोटे न बोलता फसवण्याचा यापेक्षा सफाईदार नमुना मला माहीत नाही.

ही बाब कंपन्यांना ठाऊक होती, असा निकाल अमेरिकेच्या संघीय न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी ऑगस्ट २००६ मध्ये दिला. युरोपीय संघाने ‘लाइट’, ‘माइल्ड’ असे शब्द २००३ मध्येच बंद केले होते. अमेरिकेत ते जून २०१० पासून गेले. त्याबरोबर ‘मार्लबोरो लाइट्स’ची ‘मार्लबोरो गोल्ड’ झाली. शब्द काढला, रंग ठेवला, आणि गिऱ्हाइकाला फिकट पाकिटावरून पूर्वीचीच सिगारेट सापडली. छापवाल्यांची जुनी युक्ती इथे पुन्हा कामी आली. ऑस्ट्रेलियाने १ डिसेंबर २०१२ पासून सगळ्या पाकिटांचा रंग एकच, मळकट करून टाकला, त्यामागचे कारण हेच.

भारतात पहिला कायदा १९७५ चा. तो फक्त सिगारेटला लागू होता. ‘वैधानिक इशारा : सिगारेट ओढणे आरोग्यास अपायकारक आहे’ हे वाक्य त्याने दिले. बिडी, जर्दा, तपकीर, मशेरी यांना त्यात जागाच नव्हती, म्हणजे खेड्यातला जवळजवळ सगळा खप कायद्याबाहेर. इशारा इतक्या बारीक अक्षरात असे आणि इतका पाठ झाला होता, की लोक थट्टेत कशालाही ‘वैधानिक इशारा’ जोडू लागले. इशारा विनोदाचा विषय झाला की त्याचे काम संपते.

२००३ चा कायदा, ज्याला सगळे ‘कोटपा’ म्हणतात, मे २००४ पासून लागू झाला. त्याने सगळ्या तंबाखूला एका छत्राखाली आणले. कलम ४ सार्वजनिक जागी धूम्रपानाचे, ५ जाहिरातीचे, ६ अल्पवयीनांना आणि शाळेजवळ विक्रीचे, ७ वेष्टनावरच्या इशाऱ्याचे. त्याच कायद्यात वेष्टनावर निकोटिन आणि डांबराचे प्रमाण छापण्याचीही तरतूद आहे. वाचताना ती शहाणपणाची वाटते. पण तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक कराराच्या मार्गदर्शक सूचना नोव्हेंबर २००८ मध्ये डर्बनला मंजूर झाल्या, त्यांत हे आकडे छापूच नका असे म्हटले आहे. का, ते यंत्राच्या झुरक्याने वर सांगितलेच आहे. कोटपाच्या अनुसूचीत तंबाखूयुक्त दंतमंजनही आहे. दात घासण्याच्या पदार्थांत तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी असतानाही. ज्या आयाबाया घरी तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करतात त्यांच्यापर्यंत अर्थात यांपैकी काहीच पोहोचत नाही. त्यांच्या डबीवर कधी लेबल नव्हतेच.

चित्ररूप इशारा ३१ मे २००९ पासून आला, वेष्टनाच्या दर्शनी भागाच्या ४० टक्के जागेत. त्याआधी तो किती वेळा पुढे ढकलला गेला आणि त्यातली कवटी कशी गळाली, याची हकीकत चौथ्या प्रकरणात आहे. धूररहित तंबाखूवर छापायला म्हणून जे चित्र निवडले गेले ते होते विंचवाचे. गायीच्या, वाघाच्या शेजारी विंचू! शंभर वर्षे प्राण्यांच्या चित्रावरून तंबाखू ओळखणाऱ्या गिऱ्हाइकाला सरकारने आणखी एक प्राणी दाखवला. मुंबईच्या टाटा कर्करोग रुग्णालयातल्या कोणत्याही खाटेवरचे छायाचित्र चालले असते, पण ते बघवणार नाही असे कोणालातरी वाटले असणार.

८५ टक्क्यांच्या इशाऱ्याची अधिसूचना ऑक्टोबर २०१४ मध्ये निघाली, अंमल १ एप्रिल २०१५ पासून व्हायचा होता. फेब्रुवारीच्या १६ तारखेला राज्याचे माजी गृहमंत्री आर. आर. (आबा) पाटील तोंडाच्या कर्करोगाने गेले. आबांची तंबाखू महाराष्ट्राला ठाऊक होती. शरद पवारांची तोंडाच्या कर्करोगावरची शस्त्रक्रिया २००४ मधली, आणि तंबाखूबद्दलचा पश्चात्ताप त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवला होता. अशा राज्यातले खासदार, अहमदनगरचे दिलीप गांधी, त्या वेळी संसदेच्या दुय्यम विधिविधान समितीचे अध्यक्ष होते. तंबाखूने कर्करोग होतो असे सांगणारा भारतीय अभ्यास नाही, असे त्यांनी मार्चअखेर सांगितले. मुंबईत टाटा रुग्णालय १९४१ पासून उभे आहे. समितीचे आणखी एक सदस्य, अलाहाबादचे श्यामाचरण गुप्ता, यांचा स्वतःचा बिडीचा व्यवसाय होता. अंमलबजावणी थांबली. तंबाखूविरोधी सरकारी जाहिरातीत स्वतःचा चेहरा देणारी मध्य प्रदेशातली एक तरुण आई त्याच आठवड्यात, १ एप्रिलला, वारली. मोठा इशारा शेवटी एक वर्ष उशिरा, १ एप्रिल २०१६ ला आला. डिसेंबर २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला, जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. सप्टेंबर २०१८ पासून वेष्टनावर व्यसन सोडायला मदत करणारा १८००-११-२३५६ हा क्रमांकही आला. पाकिटावरच्या मजकुरातली माझ्या मते सर्वांत कामाची ओळ हीच, आणि सुटी सिगारेट घेणाऱ्याला नेमकी तीच दिसत नाही.

दुकानांवरच्या फलकांचे प्रकरण याहून संथ. टपरीवर फलक किती, केवढा, त्यावर कंपनीचे नाव असावे की नसावे याचे नियम २००४ आणि २००५ मध्ये झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या अंतरिम स्थगितीमुळे ते अडले आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये ती उठवली. मधल्या काळात गावोगावच्या ठेल्यांना फुकट रंगरंगोटी कोणी करून दिली, हे सांगायला नको.

आता गुटखा. महाराष्ट्राने २०१२ च्या जुलैत त्यावर बंदी घातली, आणि ती कोटपाखाली घातलेली नाही, अन्नसुरक्षा कायद्याखाली घातली आहे. युक्तिवाद सरळ होता: गुटखा हा खाद्यपदार्थ, आणि खाद्यपदार्थात तंबाखू वा निकोटिन नको. पुढे सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, खर्रा, मावा यांनाही बंदीच्या यादीत घेतले गेले, आणि आदेश वर्षाला नव्याने निघू लागला. धंद्याने पुडी फाडून दोन केल्या. एकीत पान मसाला, एकीत तंबाखू. मिसळायचे काम गिऱ्हाइकाचे. पान मसाल्याच्या पुडीवर तंबाखूचा इशारा नको, कारण आत तंबाखू नाही. जाहिरातीला तर वेलची पुरते. ज्या नावाची तंबाखू त्याच नावाची वेलची, आणि वेलचीच्या जाहिरातीत नट. अमिताभ बच्चन २०२१ मध्ये आणि अक्षय कुमार २०२२ मध्ये अशा जाहिरातींतून टीकेनंतर बाजूला झाले. बाकीचे आहेतच. ‘लाइट’ या शब्दाने सिगारेट निरुपद्रवी भासवली, वेलचीने तर तंबाखूच अदृश्य केली.

राज्याच्या सीमेला लागून असलेल्या तालुक्यात बंदी कशी असते, हे इथल्या वाचकाला शिकवायला नको. माल डोंगरापलीकडून येतो, पोलीस अधूनमधून पकडतात, बातमी छापून येते, आणि पुडीची किंमत दोन-पाच रुपयांनी वाढते. मात्र बंदी असलेल्या मालाच्या लेबलावर नियंत्रण कोण ठेवणार? जे विकायलाच नको त्यावर इशारा बरोबर आहे की नाही हे तपासायचे कोणी? कागदोपत्री गुटखा नाही, म्हणून त्याच्यावरचा खोटेपणाही नाही. खर्ऱ्याच्या पन्नीचे तेच.

राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट आणि बिड्यांच्या विक्रीवर बंदी घातली. आधार कलम ७ चा: इशाऱ्याशिवाय विक्री नको, आणि सुट्या कांडीवर इशारा असत नाही. तर्काला यात खोट नाही. पण अख्ख्या पाकिटाचे पैसे एका वेळी मोजणे रोजंदारीवरच्या माणसाला परवडत नाही, आणि ठेलेवाल्याचा नफाही सुट्यातच असतो. दोघांचीही सोय मोडणारा आदेश अमलात आणायला तिसरा कोणीतरी लागतो. तो तिसरा इथे कोण, याचे उत्तर आदेशात नाही. कायद्याने चुकीच्या वेष्टनाबद्दल उत्पादकाला पहिल्या खेपेस दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे, विक्रेत्याला एक वर्ष किंवा १,००० रुपये. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या कंपनीला ५,००० रुपये म्हणजे काय, ते ज्याचे त्याने ठरवावे.

शाळेपासून १०० यार्डांच्या आत विक्री नको, हा नियमही शहर डोळ्यांसमोर ठेवून केल्यासारखा आहे. १०० यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर. टुनकी किंवा सोनाळ्यासारख्या गावात शाळा, ग्रामपंचायत, एसटीचा थांबा, किराणा दुकान आणि पानठेला ही सगळी मंडळी एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असतात. शाळेच्या फाटकापासून या हद्दीची पिवळी रेघ मोजत निघाले तर ती गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन थांबते. आणि भाषेचे काय? देशभर विकल्या जाणाऱ्या पुड्यांवरचा इशारा सहसा हिंदी-इंग्रजीत असतो. डोंगराकडेच्या कोरकू, भिलाला वस्त्यांत घरची भाषा वेगळी, शाळेची मराठी, आणि पुडीवरची तिसरी. चित्राचे महत्त्व तिथे दुप्पट होते, आणि तिथेच पुडीऐवजी चंची चालते.

या भागात तंबाखूला लाजिरवाणे मानत नाहीत, हेही ध्यानात घ्यायला हवे. शेगाव इथून जवळ. गजानन महाराजांची चिलीम इथल्या घराघरातल्या तसबिरीत आहे. त्या श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचे नाही. मात्र पाकिटावर सडलेल्या जबड्याचे चित्र छापून ज्याला घाबरवायचे, त्याच्या मनात तंबाखूची आधीची चित्रे कोणती आहेत हे दिल्लीत बसून इशारा ठरवणाऱ्याला माहीत असते तर बरे झाले असते.

हे पुस्तक ग्रामपंचायतींचे सदस्य, शिक्षक आणि आशाताई यांच्या हाती पडावे म्हणून मी प्रस्तावनेचे काम स्वीकारले. सिगारेटवरची पहिली तीन प्रकरणे त्यांनी भराभर वाचली तरी चालेल. सातव्याला मात्र वेळ द्यावा. त्यात विक्री परवान्याची चर्चा आहे. केंद्र सरकारने २०१७ मध्ये राज्यांना सुचवले की तंबाखू विकणाऱ्याने स्थानिक संस्थेचा परवाना घ्यावा, आणि जो तंबाखू विकेल त्याने बिस्किटे, चॉकलेट, थंड पेये विकू नयेत, म्हणजे पोरे त्या दुकानाकडे फिरकणार नाहीत. वेष्टनाचा नाद सोडून विकणाऱ्याकडे वळलेली ही सूचना, आणि पन्नीलाही लागू पडणारी. अडचण अशी की वरवट बकालच्या चौकात किंवा पातुर्ड्यात ज्याचा ठेला आहे, त्याच्या बरणीत गोळ्या असतात, दोरीला कुरकुऱ्यांच्या माळा असतात, खाली पाण्याच्या बाटल्या असतात आणि मधोमध पानाचा पितळी डबा असतो. त्याला एक काहीतरी निवड म्हटले तर तो तंबाखू निवडेल, कारण पैसा तिथे आहे. मग गोळ्या-बिस्किटांचे दुसरे दुकान कोणी आणि कशावर चालवायचे, तंबाखू सोडणाऱ्या ठेलेवाल्याला पहिले सहा महिने कोणी सांभाळायचे, आणि परवान्याची फी ग्रामपंचायतीने कशावर खर्च करायची, हे प्रश्न ग्रामसभेत मांडता येण्यासारखे आहेत. सातव्या प्रकरणात त्यासाठी ठरावाचा एक मसुदाही दिला आहे. त्यातली परवाना फीची रक्कम कोरी ठेवली आहे, ती ज्या त्या गावाने भरायची आहे.